मुलाने फुकटचा ट्रक गेम टाकला, आता डिफेंडर उघडत नाही. नुसता अँटिव्हायरस पुरेल का?

जमाखर्च

नमस्कार मंडळी.

मी साताऱ्याला घरून जीएसटी रिटर्न्स आणि टॅलीची कामं करते. गिऱ्हाइकं बहुतेक किराणावाले आणि हार्डवेअरवाले. घरात कॉम्प्युटर एकच, दिवसा माझा आणि रात्री चिरंजीवांचा. चिरंजीव अकरावीत आहेत.

सुट्टीत त्याने युरो ट्रक सिम्युलेटर २ हा गेम नेटवरून फुकट उतरवून टाकला. गेमबद्दल माझी तक्रार नाही. गोळीबार नाही, रक्त नाही, पोरगा शांतपणे जर्मनीतून पोलंडला सिमेंट पोचवत असतो. तक्रार त्यानंतर जे सुरू झालं त्याची आहे.

मशीन नुसतं चालू ठेवलं तरी पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंघावतो. घड्याळाशेजारी डिफेंडरची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसची, ढाल दिसते, तिच्यावर हिरवी बरोबरची खूणही आहे, पण क्लिक केलं की काही उघडतच नाही. विंडोज अपडेट कधीपासून झालेलं नाही. आणि मागच्या आठवड्यात मशीन आपणहून भलत्याच अवतारात सुरू झालं: काळा पडदा, ही मोठाली अक्षरं, चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड'. परत बंद-चालू केल्यावर नेहमीसारखं.

इथल्या एका दुकानात विचारलं तर म्हणाले, "आणून टाका मॅडम, अँटिव्हायरस मारून देतो, तासाभरात घेऊन जा." मला ते काही पटेना. माझ्या मशीनवर लोकांचे पॅन आहेत, बँक स्टेटमेंट्स आहेत, जीएसटी पोर्टलचे पासवर्ड क्रोममध्ये सेव्ह आहेत, आणि डिजिटल सहीचं डीएससी टोकन तर दिवसभर मागे खोचलेलंच असतं. त्यात २० तारीख तोंडावर आली आहे, जीएसटीची ३बी रिटर्न्स भरायची आहेत.

नुसता अँटिव्हायरस मारून भागेल का? जाणकारांनी सांगावं. चिरंजीवांना बोलून झालं आहे, तेवढा भाग सोडून द्या.

दुरुस्तीवाला

ताई, पुढचं सगळं मोबाइलवर वाचा. त्याआधी मशीनचं वायफाय बंद करा, केबल असेल तर उपटा आणि टोकन काढून कपाटात ठेवा. झालं? आता बोलू.

मिरजेत माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. अशी मशीनं शाळा-कॉलेजांच्या सुट्ट्या लागल्या की येतातच. तुमच्या लक्षणांपैकी पंख्याला मी फार किंमत देत नाही, तो धुळीनेही वाजतो. माझं लक्ष गेलं ते ढालीकडे आणि सेफ मोडकडे.

जून २०२१ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने 'क्रॅकोनोश' नावाच्या मालवेअरची चिरफाड प्रसिद्ध केली होती. तो क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेल्या, गेम्सच्या इन्स्टॉलरमधून यायचा. जीटीए ५, फार क्राय ५, सिम्स ४, एनबीए २के१९ अशी यादी होती, आणि तीत तुमच्या चिरंजीवांचा युरो ट्रक सिम्युलेटर २ पण होता. त्याची चाल ऐका. गेम टाकला की लगेच काहीच करायचं नाही. मशीन किती वेळा सुरू झालं ते गुपचूप मोजायचं, आणि सातव्या किंवा दहाव्या वेळी (जशी आवृत्ती असेल तसं) विंडोजला सेफ मोडमध्ये उठवायचं. सेफ मोडमध्ये अँटिव्हायरस चालत नाही. तेवढ्या वेळात डिफेंडर पुसायचा, दुसरा कुठला अँटिव्हायरस असेल तर तोही पुसायचा, विंडोज अपडेट बंद पाडायचं. आणि वर कडी म्हणजे डिफेंडरच्या जागी स्वतःचा एक चिमुकला प्रोग्राम बसवायचा. त्याचं काम एकच, घड्याळाशेजारी ढाल दाखवायची, हिरव्या खुणेसकट. तुम्ही क्लिक करता आणि काही उघडत नाही, कारण मागे उघडण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

मग निवांतपणे मोनेरो नावाचं क्रिप्टो चलन खणायचं. वीज तुमची, प्रोसेसर तुमचा, पैसे त्याचे. अवास्टच्या हिशेबाने २,२२,००० हून जास्त मशीनं लागली होती आणि ९,००० च्या वर मोनेरो निघाले होते, त्या वेळच्या भावाने साधारण २० लाख डॉलर. भारतातली मशीनं त्यात तेरा हजारांच्या वर होती. (गंमत अशी की हा ट्रकचा गेम बनवणारी कंपनी प्रागची, अवास्ट पण प्रागची, आणि क्रॅकोनोश हे नाव चेक लोककथांतल्या डोंगराच्या राखणदारावरून ठेवलेलं. सगळा मामला एकाच गावचा.)

तुमच्याकडे नेमका तोच आहे असं मी मिरजेत बसून म्हणणार नाही. तो आता जुना झाला. पण चाल त्याच घराण्यातली दिसते.

मायनर, म्हणजे असं चलन खणणारा प्रोग्राम, एकवेळ परवडला. त्याच सेटअपमधून कित्येकदा दुसरा पाहुणा येतो तो महाग पडतो. त्याला इन्फोस्टीलर म्हणतात. रेडलाइन, विडार, लुमा ही त्यांतली गाजलेली नावं. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने लुमाचं जाळं मोडलं, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांतच ३,९४,००० विंडोज मशीनं त्याच्या तावडीत सापडली होती. हा प्रकार मुक्कामाला राहीलच असं नाही. चालू झाला की ब्राउझरमधले पासवर्ड, कुकीज, डेस्कटॉपवरच्या फाइली गोळा करायच्या, पाठवायच्या आणि बऱ्याचदा स्वतःला पुसून टाकायचं. नंतर दुकानदार अँटिव्हायरस चालवतो, 'धोके: शून्य' असं येतं, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या शून्यात आहे.

कुकीचं जरा नीट समजून घ्या, कारण लोक इथेच फसतात. जीमेल रोज उघडताना तुम्हाला ओटीपी का मागत नाही? ब्राउझरकडे 'या बाई ओळखीच्या आहेत' अशी चिठ्ठी असते म्हणून. ती चिठ्ठी चोराने आपल्या ब्राउझरमध्ये लावली की त्याला पासवर्डही नको आणि ओटीपीही नको. क्रोम पासवर्ड कुलपात ठेवतं हे खरं, पण किल्ली तुमच्या विंडोज लॉगिनला बांधलेली असते आणि तो गेमचा सेटअप तुमच्याच लॉगिनखाली चालला. जुलै २०२४ मध्ये क्रोमने वर आणखी एक कुलूप घातलं. काही महिन्यांत चोरांनी त्यावरही तोड काढली.

तर आता याच क्रमाने कामाला लागा, आणि त्या मशीनवरून अजिबात नाही. मोबाइलवरून किंवा कुणाच्या तरी चांगल्या लॅपटॉपवरून.

पहिलं ईमेल. बाकी सगळ्यांचे पासवर्ड रिसेट त्याच दारातून होतात. गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये डिव्हाइसेसची यादी असते, तिथून तो कॉम्प्युटर साइन आउट करा. पासवर्ड बदलणं आणि साइन आउट करणं ही दोन वेगळी कामं समजा, दोन्ही करा. रिकव्हरीचा नंबर तुमचाच आहे ना ते बघा. जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघा, तिथे कुणी आपला पत्ता घालून ठेवला असेल तर तुमची मेल महिनोन्‌महिने त्याला जात राहते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. मग बँक. मग जीएसटी आणि इन्कम टॅक्सचे पासवर्ड, स्वतःचे आणि गिऱ्हाइकांचे सगळे. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर ई-फायलिंग व्हॉल्ट म्हणून लॉगिनला जादा कुलूप लावायची सोय आहे, ती चालू करून टाका. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेसमधून तो कॉम्प्युटर काढा. बँकेतून एक रुपया जरी गेलेला दिसला तरी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, सकाळची वाट बघू नका.

टोकनबद्दल दिलासा: सहीची खाजगी किल्ली टोकनच्या आतच राहते, कॉपी होऊन बाहेर जात नाही. पण टोकन खोचलेलं असताना कुणी पिन टिपला असेल, तर तुमच्याच मशीनवरून तुमच्या नावाने सही होऊ शकते. दिवसभर खोचून ठेवायची सवय सोडा. पिन नव्या विंडोजवर बदला, जुन्यावर नको.

आणि मग फॉरमॅट. दुसऱ्या मशीनवर विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवायचा, त्याने चालू करायचं, जुनी पार्टिशन्स उडवायची आणि कोरं विंडोज टाकायचं. 'रिसेट धिस पीसी' नको, बिघडलेल्या विंडोजलाच स्वतःची दुरुस्ती करायला सांगण्यात अर्थ नाही. बॅकअप फक्त माहितीचा: टॅलीचा डेटा फोल्डर, एक्सेल, पीडीएफ, फोटो. कुठलीही ईएक्सई, सेटअप किंवा झिप उचलू नका, 'ही प्रिंटरची आहे' असं वाटलं तरी. प्रिंटरचं सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवर मिळतं.

फॉरमॅटचं ऐकून कुणाला मी धंदा वाढवतोय असं वाटेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या अधिकृत ऑनलाइन दुकानात, पायरेटफाय नावाचा गेम आला, त्यात विडार निघाला. आठवडाभरात काढून टाकला, पण ज्यांनी तो खेळला त्यांना स्टीमवाल्यांनी काय कळवलं? आधी पूर्ण स्कॅन करा, आणि विंडोज नव्याने टाकण्याचाही विचार करा. अधिकृत दुकानदार हे म्हणतो, मी तर मिरजेचा मेकॅनिक.

२० तारखेच्या ३बी दुसऱ्या मशीनवरून भरा. हे मशीन त्या आधी उभं करायच्या घाईत पडू नका.

पैलतीर

वाखु (वाचनखूण) साठवली. फॉरवर्डिंगचं आत्ताच तपासलं, नशीब, रिकामं आहे.

रात्रपाळी

काका, माहिती भारी आहे पण भीती जरा जास्तच घालताय. मी इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर राहतो. आमच्या मजल्यावर सगळे क्रॅकच खेळतात. नियम सोपा आहे: गूगलवर पहिली आली ती साइट उघडायची नाही, नाव असलेल्या रिपॅकरचंच (क्रॅक केलेला गेम दाबून छोटा करून वाटणाऱ्याचंच) घ्यायचं, टॉरेंटखालच्या कमेंट वाचायच्या आणि शंका आली तर व्हायरसटोटलवर (अनेक अँटिव्हायरसकडून फाइल तपासून देणाऱ्या साइटवर) टाकायचं. अँटिव्हायरस ओरडणारच, कारण क्रॅक म्हणजे मुळात गेमच्या फाइलमध्ये केलेली ढवळाढवळ. तो फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे खोटा इशारा, असतो. या काकूंच्या मुलाने कुठून तरी कचरा उचलला असणार.

आणि नव्या गेमची किंमत बघितलीत का? मेसचे पैसे भरू की गेम घेऊ?

दुरुस्तीवाला

भाऊ, अर्धं तुझं बरोबर आहे. अँटिव्हायरस क्रॅकला क्रॅक म्हणून पकडतो, आत दुसरं काही नसलं तरी. बरेचसे क्रॅक नुसते क्रॅकच असतात, हेही मान्य. पण म्हणूनच तर चोराला ही जागा आवडते. तुला आधीच पढवलेलं आहे की अँटिव्हायरस ओरडला तर दुर्लक्ष कर, बंद कर, फोल्डर एक्सक्लूजनमध्ये घाल (म्हणजे तपासणीतून वगळ), 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' दाब. चोराला जे करून हवं होतं ते तू स्वतःच्या हाताने, सूचना वाचून, करून देतोस. खरी घंटा आणि खोटी घंटा एकाच आवाजात वाजते. कुठली कुठली ते तू कसं ओळखणार?

कमेंटचं म्हणशील तर तुला एक गोष्ट सांगतो. कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने 'स्टारीडोब्री' नावाचं प्रकरण उघडकीला आणलं. बीमएनजी ड्राइव्ह, गॅरीज मॉड, डायसन स्फिअर प्रोग्राम, युनिव्हर्स सँडबॉक्स असले गेम, म्हणजे फार मोठ्या किमतीचेही नव्हेत. त्यांचे रिपॅक टॉरेंटवर चढले साधारण सप्टेंबर २०२४ मध्ये. लोकांनी उतरवले, खेळले, खाली लिहिलं असेल 'मस्त चालतोय, क्लीन आहे'. खोटं नव्हतं लिहिलेलं, खरंच चालत होता. मायनर उठला ३१ डिसेंबरला, जेव्हा सगळं जग सुट्टीवर. तीन महिने जुन्या शंभर चांगल्या कमेंट तोवर खाली जमलेल्या.

पुढे ऐक. तो मशीनच्या प्रोसेसरमध्ये किमान ८ कोअर आहेत का बघायचा. नसतील तर मायनर चालूच करायचा नाही. म्हणजे त्याला ताईंचं टॅलीचं मशीन नको, तुझं गेमिंगचं पाहिजे. तपासणीच्या सँडबॉक्समध्ये (मालवेअर तपासायच्या बंदिस्त जागेत) आहोत असं वाटलं की काम थांबवायचा. आणि टास्क मॅनेजर उघडला की मायनर बंद. तू बघतोस, सीपीयू शांत, सगळं आलबेल.

व्हायरसटोटलवर ६५० एमबीच्या पुढची फाइल चढतच नाही, आणि तुझा रिपॅक तीस-चाळीस जीबीचा. तू चढवतोस ती छोटी सेटअपची फाइल. आतला ऐवज तसाच राहतो. पासवर्ड घातलेल्या झिपच्या आत तर कुठलाच अँटिव्हायरस बघू शकत नाही. पासवर्ड नेमका त्याचसाठी असतो, तुमच्या सोयीसाठी नाही. आणि नाव असलेल्या रिपॅकरच्या नावाने हुबेहूब खोट्या साइट्स किती आहेत ते तुलाही माहीत आहे, तूच 'पहिली साइट नको' म्हणालास.

मेसच्या पैशांचं मात्र मनापासून पटलं. आमच्या काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सीडी आणायचे लोक, त्यातही व्हायरस असायचे, पण फार तर विंडोज जायचं. त्या मशीनवर बँक नव्हती. आता तसं नाही, तुझं यूपीआयचं ईमेल, कॉलेजचं लॉगिन, स्टीमचं खातं असेल तर ते, सगळं एकाच क्रोममध्ये. स्टीमवर २०१५ पासून रुपयांत किमती आहेत, सेल वर्षातून अनेकदा लागतो. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत. एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात दर गुरुवारी काहीतरी फुकट असतं, मे २०२० मध्ये तर जीटीए ५ फुकट वाटला होता. तेव्हा तो क्लेम करायचा सोडून पोरं क्रॅक शोधत होती. याला काय म्हणायचं सांग.

शटरबहाद्दर

दुरुस्तीवाल्यांनी रॅन्समवेअरचं (फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरचं) काही लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. माझा बारामतीला फोटो स्टुडिओ आहे, लग्नं आणि बारशी. एडिटिंगच्या मशीनवर मदतनीस पोराने जेवणाच्या सुट्टीत खेळायला एक गेम टाकला, कीजेनसकट (म्हणजे खोटी लायसन्स-की बनवणाऱ्या प्रोग्रामसकट). पडद्यावर विंडोज अपडेट चालू असल्याची खिडकी आली, टक्के सरकत होते. पोरगं म्हणालं अपडेट होतंय, आणि चहाला गेलं. ते अपडेट खोटं होतं. मागे फाइली लॉक होत होत्या. चहा पिऊन येईस्तोवर प्रत्येक फाइलच्या नावामागे चार अक्षरांचं शेपूट लागलेलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची टेक्स्ट फाइल: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर निम्मे, ४९० डॉलर.

याला स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात. सामान्य माणसांचं रॅन्समवेअर हेच. मोठ्या कंपन्यांच्या मागे लागणारे वेगळे, हा क्रॅक आणि कीजेनमधून येतो आणि आपल्यासारख्यांना गाठतो. एम्सीसॉफ्ट नावाच्या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये याच्या १४८ प्रकारांवर फुकट उतारा काढला होता. त्यानंतरच्या प्रकारांत नशिबाचा भाग. लॉक करताना मशीनचा त्याच्या सर्व्हरशी संपर्क झाला नसेल तर 'ऑफलाइन' किल्ली वापरली जाते, ती पुढेमागे सापडू शकते. संपर्क झाला असेल तर किल्ली फक्त तुमच्यापुरती, मग विसरा. आमची ऑनलाइन निघाली.

पण एक गोष्ट कुणाच्या तरी उपयोगी पडेल. हा लबाड घाईत असतो, पूर्ण फाइल लॉक करत नाही, फक्त सुरुवातीचे दीडशे केबी. फोटोच्या बाबतीत तेवढ्यानेच वाट लागते, आमचे जेपीजी गेले ते गेलेच. पण लग्नाचा व्हिडिओ चार-पाच जीबीचा असतो, त्यातला जवळपास सगळा ऐवज जागेवर असतो. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून दिली की फुकट मिळणाऱ्या रिपेअरच्या टूलने एमपी४ पुन्हा उभी राहते. सगळ्या नाही, पण पुष्कळ राहिल्या. सप्तपदी वाचली, हळदीचे फोटो गेले. नवरीच्या आईला फोन करायचं काम मदतनिसाला देता येत नाही.

जमाखर्च ताई, टॅलीचा बॅकअप असा ड्राइव्हवर ठेवा जो एरवी मशीनला जोडलेला नसतो. आमची बॅकअपची डिस्क जोडलेलीच होती, तीही लॉक झाली.

अर्ज_विनंती

एक कायद्याची बाजू, कारण मशीन व्यवसायाचं आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब: बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणक प्रोग्राम वापरला तर किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्याच्या ओघात नसेल तर कोर्ट निकालात कारणं नमूद करून कैद टाळू शकतं, दंड ५०,००० पर्यंत. गेम खेळणाऱ्या पोराच्या मागे कुणी लागल्याचं मी पाहिलेलं नाही. पण त्याच मशीनवर टॅली किंवा ऑफिसही क्रॅक असेल तर तो वापर धंद्यासाठीच ठरतो, ते बघून घ्या.

जमाखर्च

सगळ्यांचे आभार. टॅलीचं लायसन्स रीतसर आहे, ऑफिस पण.

काल संध्याकाळी बहिणीच्या लॅपटॉपवर बसून पासवर्डचं सगळं केलं. गूगलच्या यादीत आमच्या कॉम्प्युटरशिवाय आणखी एक विंडोज दिसत होतं, गाव भलतंच. आधी पोटात गोळा आला, मग साइन आउट केलं. फॉरवर्डिंग नव्हतं, पण एक फिल्टर होता जो मी केलेला नाही: एका ठरावीक शब्दाची मेल आली की थेट कचऱ्यात. तो शब्द म्हणजे आमच्या बँकेचं नाव. काढून टाकला. खात्यातून काही गेलेलं नाही, तरी शाखेत जाऊन नेट बँकिंग तूर्त बंद करून आले.

चिरंजीवांकडून हळूहळू माहिती बाहेर आली. गेम टॉरेंटवरून घेतला होता, तो चाललाही. पण त्याला त्यात आपली लालपरी चालवायची होती. एका यूट्यूब व्हिडिओखाली एसटीच्या मॉडची (गेममध्ये बाहेरून घालायच्या जादा गाडीची) लिंक होती. झिप उतरली, पासवर्ड १२३४, आत एक ईएक्सई, आणि वर सूचना, 'अँटिव्हायरस बंद करून चालवा'. चालवल्यावर काही झालंच नाही म्हणे. एसटी आली नाही म्हणून तो विसरून गेला.

दुरुस्तीवाले दादा, टास्क मॅनेजरचंही करून बघितलं, नेट काढलेलं असल्यामुळे की काय, फारसा फरक दिसला नाही. पण फॉरमॅटच करतेय, आजच.

आता दोन प्रश्न. पुन्हा असं होऊ नये म्हणून एकाच मशीनवर काय सोय करता येईल? दुसरं मशीन घेणं सध्या जमणार नाही. आणि दुसरा प्रश्न माझा नाही, मागे उभा राहून तो विचारतोय: त्याचं गेममधलं सेव्ह वाचेल का? म्हणे गॅरेजं घेतली आहेत, ड्रायव्हर ठेवले आहेत.

दुरुस्तीवाला

ताई, तो फिल्टर सापडला हे फार बरं झालं. तो कुणी गंमत म्हणून लावत नाही. बँकेचा इशारा तुमच्यापर्यंत पोचू नये यासाठी असतो.

नेट नसेल तर मायनरला बाहेरून कामच मिळत नाही, बहुधा म्हणून फरक दिसला नाही. आणि चिरंजीवांच्या हकिगतीवरून मला वाटतं पाहुणे दोन होते, टॉरेंटमधून एक आणि यूट्यूबवरून दुसरा. 'चालवल्यावर काहीच झालं नाही' हे इन्फोस्टीलरचं नेहमीचं वर्णन. त्यावरून आठवलं, चिरंजीवांचं स्वतःचं यूट्यूब खातं असेल तर तेही तपासा. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅस्परस्कीने रेडलाइनचं एक गाठोडं पकडलं होतं, ते चोरलेल्या कुकीज वापरून त्या माणसाच्याच चॅनेलवर 'फुकट चीट, फुकट क्रॅक' असे व्हिडिओ चढवायचं. त्या व्हिडिओखाली पुन्हा तीच लिंक. तुमच्या मुलाने बघितलेला व्हिडिओ अशाच दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाच्या चॅनेलवरचा असू शकतो.

एका मशीनवरची सोय: नव्या विंडोजवर अ‍ॅडमिनचं खातं तुमचं, पासवर्ड फक्त तुम्हाला माहीत. त्याला वेगळं स्टँडर्ड खातं काढून द्या. मग तो काही टाकायला गेला आणि अ‍ॅडमिनचे हक्क लागले तर तुमचा पासवर्ड मागेल. चुकून काही चाललंच तरी ते त्याच्या खात्यातल्या ब्राउझरपर्यंत पोचेल, तुमच्या क्रोमची किल्ली तुमच्या लॉगिनला बांधलेली राहते. एक गोम आहे. टॅलीप्राइम आपला डेटा पब्लिक फोल्डरमध्ये ठेवतं आणि तो फोल्डर मशीनवरच्या सगळ्या खात्यांना उघडा असतो. डेटा तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये हलवा आणि टॅलीत नवा मार्ग द्या. हे नव्वद टक्के लोक करत नाहीत, सीएंच्या ऑफिसातसुद्धा. जीएसटीचे पासवर्ड क्रोममध्ये ठेवू नका, वहीत लिहा. वही कुलपात ठेवा आणि कुणी हसलं तर हसू द्या.

आता मागे उभे आहेत त्यांच्यासाठी. डॉक्युमेंट्समध्ये 'युरो ट्रक सिम्युलेटर २' फोल्डर, त्यात 'प्रोफाइल्स', त्यात आकडे-अक्षरांचं लांबलचक नाव असलेला फोल्डर. तो तेवढाच उचल. शेजारचा 'मॉड' फोल्डर उचलायचा नाही. खरा गेम घेतलास की त्याच जागी ठेव, गॅरेजं आणि ड्रायव्हर दिसायला हवेत. स्कँडिनेव्हियाचा नकाशा वेगळा विकत घ्यावा लागतो, तो फुकटात वापरला असशील तर तिकडे आता गाडी जाणार नाही. तोवर स्टीमवर याचा डेमो फुकट आहे. सेल लागेपर्यंत थांब, गेम २०१२ चा आहे, सेलमध्ये चांगला स्वस्त होतो.

आणि लालपरीचं. या गेमचा मॉड 'डॉट एससीएस' फाइलमध्ये असतो. ती मॉड फोल्डरमध्ये टाकायची आणि गेममध्ये चालू करायची, इन्स्टॉल वगैरे काही नसतं. मॉड म्हणून कुणी ईएक्सई दिली तर ती एसटी नव्हे. स्टीमच्या वर्कशॉपमध्ये आधी शोध, नाहीच मिळाली तर इथे लिंक टाक. उघडायच्या आधी मी बघून सांगतो.